झाकलेल्या करमणूक उपकरणांचे अवरक्त विस्तारकाद्वारे नियंत्रण : जालना जिल्ह्यातील घरांच्या संदर्भात

प्रस्तावना

दूरचित्रवाणी संच भिंतीवर आणि त्याला जोडलेली इतर उपकरणे कपाटात, ही मांडणी जालना शहराप्रमाणेच अंबड, परतूर, भोकरदन येथील घरांतूनही दिसू लागली आहे. दूरदर्शनची विनाशुल्क डीटीएच सेवा २००४ मध्ये सुरू झाली. पुढे २०१२ पासून देशात टप्प्याटप्प्याने केबलचे अंकीकरण झाले आणि केबलधारकांनाही सेट-टॉप बॉक्स घेणे भाग पडले. संचाशेजारी एक पेटी वाढली, तिच्यासोबत वायरींचा गुंताही वाढला. उन्हाळ्यातील धूळ, लहान मुलांचे हात, वायरी कुरतडणारे उंदीर आणि बैठकीची शोभा अशा अनेक कारणांनी ही पेटी झाकली जाते. मात्र कपाटाचे दार लावताच रिमोट निरुपयोगी ठरतो. पुष्कळदा रिमोट बिघडला असे समजून नवा विकत घेतला जातो आणि तोही चालत नाही. प्रस्तुत लेखात या अडचणीमागील विज्ञान व तिच्यावरील उपाय यांचे विवेचन केले आहे.

रिमोटची आज्ञा कशी जाते?

रिमोटच्या टोकाशी असलेला एलईडी साधारणपणे ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण सोडतो. ७०० नॅनोमीटरच्या पुढे तांबडा प्रकाश डोळ्याला जवळजवळ दिसेनासा होत असल्याने हे किरण अदृश्य असतात, परंतु त्यांचे वर्तन प्रकाशासारखेच असते. लाकूड, वीट व लोखंड यांतून ते जात नाहीत, साध्या काचेतून जातात आणि चुन्याने रंगविलेल्या पांढऱ्या भिंतीवरून परावर्तित होतात.

सूर्य, चूल आणि तारेचा जुना दिवा हेही अवरक्त किरण सोडतात. या कोलाहलात रिमोटची आज्ञा वेगळी ओळखू यावी म्हणून त्याचा एलईडी ठरावीक वेगाने, बहुधा सेकंदाला ३८,००० वेळा, लुकलुकतो. ही ३८ किलोहर्ट्झची वाहक वारंवारता होय. आठवडी बाजाराच्या गोंगाटातही ओळखीची शीळ कानाला कळावी, तसा उपकरणातील ग्राही या लुकलुकण्यालाच प्रतिसाद देतो. लुकलुकण्याच्या आणि विरामाच्या कालावधींतून आज्ञेचे अंक तयार होतात. एनईसी या जपानी कंपनीच्या बहुप्रचलित संकेतपद्धतीत आरंभी ९ मिलिसेकंदांचा स्पंद व ४.५ मिलिसेकंदांचा विराम असतो, आणि त्यानंतर ३२ अंक येतात. शून्यासाठी १.१२५ आणि एकासाठी २.२५ मिलिसेकंद लागतात. मूळ पद्धतीत उपकरणाचा पत्ता व आज्ञा हे दोन्ही एकदा सरळ आणि एकदा उलट पाठविले जातात, त्यामुळे चूक लगेच पकडता येते.

विस्तारकाची रचना

विस्तारक ही आज्ञा बदलत नाही किंवा तिचा अर्थही लावत नाही. तो ती केवळ अडथळ्यापलीकडे पोहोचवितो. कपाटाबाहेर, संचाच्या कडेला, एक छोटा ग्राही चिकटविलेला असतो. तो रिमोटचे किरण टिपून त्यांचे विद्युत स्पंदांत रूपांतर करतो. हे स्पंद प्रवर्धकातून बारीक वायरने कपाटात जातात आणि तेथे सेट-टॉप बॉक्सच्या ग्राहीसमोर चिकटविलेला दुसरा एलईडी तीच आज्ञा पुन्हा उजळतो. एका प्रवर्धकाला असे अनेक एलईडी जोडता येतात. पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेत परिचित असलेला टीएसओपी १७३८ हा ग्राही आणि ५५५ हे आयसी वापरून असे मंडल विद्यार्थ्यांकडूनही बांधून घेता येते. मात्र हा ग्राही वाहक वारंवारता गाळून टाकतो, म्हणून ५५५ च्या साहाय्याने ३८ किलोहर्ट्झ पुन्हा निर्माण करावे लागतात. शिवाय त्याचे निर्गम उलटे असते, याचाही विसर पडू नये. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीची वारंवारता ३६ किलोहर्ट्झ असल्याने अशा उपकरणासोबत या मंडलाचा पल्ला घटतो.

वायर ओढणे शक्य नसेल तेथे ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींचा विस्तारक वापरता येतो. माळवदाच्या जुन्या घरातील पांढऱ्या मातीची जाड भिंत किंवा नव्या घरातील, बहुधा जालन्यातच तयार झालेल्या सळयांचा स्लॅब या लहरींना क्षीण करतो, पण सहसा पूर्णपणे अडवीत नाही. चहूबाजूंनी बंद असलेले लोखंडी कपाट मात्र त्यांना अडविते. महाविद्यालयांच्या दृक्-श्राव्य कक्षांत उपकरणे अशाच कपाटांत कुलूपबंद असतात. तेथे वायरीचाच विस्तारक घ्यावा.

एका बॉक्सवर दोन संच चालविणाऱ्या घरांत विस्तारकाचा खरा उपयोग होतो. बैठकीतील बॉक्सचे चित्र केबलने स्वयंपाकघरातील संचावर जाते, परंतु वाहिनी बदलण्यासाठी पोळ्या अर्धवट टाकून घरातील स्त्रीलाच बैठकीत यावे लागते. स्वयंपाकघरात ग्राही व बैठकीत एलईडी बसविल्यास ही येरझार थांबते. दोन्ही संचांवर वाहिनी एकच दिसेल, ही मर्यादा उरतेच. रिमोट कोणाच्या हाती असावा, या घरगुती वादाला तंत्रज्ञानाकडे उत्तर नाही.

खरेदीपूर्वी

अनेक घरांत विस्तारकाची गरजच नसते. लाकडी दाराऐवजी साध्या काचेचे किंवा जाळीचे दार बसविले तरी काम भागते. कोनाड्यातील उघडा बॉक्स केवळ तिरका असल्यास रिमोट समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे धरून पाहावा. रिमोटचा एलईडी चालू आहे की नाही, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहता येते. बटण दाबताच जांभळट ठिपका दिसतो. काही फोनच्या मागील कॅमेऱ्यात हे किरण गाळले जातात, तेव्हा पुढील कॅमेरा वापरावा. ब्लूटूथवर चालणाऱ्या रिमोटला तर विस्तारकाचा काहीच उपयोग नाही.

उष्णता आणि ऊन

विक्रेते सहसा सांगत नाहीत ती बाब अशी की, विस्तारक आज्ञा आत नेतो, पण उष्णता बाहेर आणत नाही. जालना जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. बॉक्स रिमोटने बंद केला तरी तो पूर्णपणे थंड होत नाही, कारण त्याचा काही भाग चालूच असतो. बंद कपाटात आतील हवा खोलीहूनही तापते. विद्युत-अपघटनी धारित्रांचे आयुष्य तापमानातील दर १० अंशांच्या वाढीमागे साधारणतः निम्मे होते, असा अभियांत्रिकीतील ठोकताळा आहे. त्यामुळे पूर्वी उघड्यावर वर्षानुवर्षे चाललेला बॉक्स कपाटात गेल्यावर लवकर बिघडला, तर दोष विस्तारकाचा नसून बंद दाराचा असतो. कपाटाच्या तळाशी व माथ्याशी छिद्रे ठेवावीत आणि त्यांवर बारीक जाळी लावावी, म्हणजे गरम हवा वर निघून जाते व उंदीरही शिरत नाहीत. बॉक्सवर विणलेला रुमाल अंथरण्याची प्रथा मोडलेलीच बरी.

दुसरी अडचण प्रकाशाची. पश्चिमेच्या खिडकीतील ऊन थेट ग्राहीवर पडल्यास त्याची संवेदनशीलता घटते. सीएफएल दिव्यांच्या इलेक्ट्रॉनिक चोकची वारंवारता वाहक वारंवारतेच्या जवळपास असल्याने जुन्या दिव्यांखाली विस्तारक आपोआप लुकलुकताना आढळतो. कपाटातील एलईडीचे किरण फटीतून बाहेर येऊन विस्तारकाच्याच ग्राहीवर पडले, तर आज्ञा पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि वाहिनी एकाऐवजी चार घरे पुढे सरकते. एलईडीवर काळी चिकटपट्टी लावल्यास हा दोष जातो. विस्तारक बसविताना चाचणी बहुधा संध्याकाळी, दिवे लावून घेतली जाते. ती मे महिन्यात दुपारी चार वाजता, पडदे उघडे ठेवूनही एकदा घ्यावी.