श्रेयांक म्हणजे कष्टाच्या तासांचा हिशेब

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळच्या वर्गांची सोय केली. गरीब विद्यार्थ्याजवळ बुद्धी असते, वेळ नसतो, हे त्यांनी ओळखले होते. आज पदवीच्या प्रवेशपुस्तिकेत ‘श्रेयांक’, म्हणजेच क्रेडिट, हा शब्द येतो. त्याचाही संबंध वेळेशीच आहे.

विषयाला किती गुण पडले हे श्रेयांक सांगत नाही. त्या विषयासाठी किती तास द्यावे लागतील हे सांगतो. महाविद्यालयात साधारण १५ आठवड्यांच्या सत्रात, आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे १ श्रेयांक. प्रात्यक्षिकाला त्याच १ श्रेयांकासाठी दुप्पट, म्हणजे ३० तास लागतात. घरचा अभ्यास वेगळाच. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात (स्थापना १९८९) मात्र वाचन, लेखन, संपर्कसत्रे असे सगळे धरून ३० तासांचा १ श्रेयांक मानतात.

आता हिशेब करू. मुक्त विद्यापीठाच्या या मापाने वर्षाला ४० श्रेयांक धरले, तर १२०० तास होतात. ३०० दिवस रोज ४ तास! टेंभी नाक्यावरून पहाटे स्टेशन गाठून रात्री परतणाऱ्या मुलाने प्रवेश घेण्यापूर्वीच हा हिशेब मांडावा. जमत नसेल तर कमी विषय घेता येतील का, हे अभ्यासकेंद्रात विचारावे. नापास होऊन खचण्यापेक्षा ते बरे.

दुसरी गोष्ट. पूर्वी शिक्षण मध्येच सुटले की केलेले कष्ट बहुधा वाया जात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली श्रेयांकांची बँक सुरू केली. नोंदणी केलेल्या संस्थेत मिळवलेले श्रेयांक तेथे विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात व साधारणपणे ७ वर्षांपर्यंत वापरता येतात. घरच्या अडचणीने शिक्षण सोडलेल्या आपल्या भगिनींनी आपले खाते जरूर तपासावे.

मात्र कागदावरचा तास सर्वांना सारखा नसतो. स्वतंत्र खोली असलेल्याचा तास आणि एका खोलीत सहा माणसांत बसलेल्याचा तास यांत फरक आहे. तो फरक विद्यापीठ मोजत नाही. तो आपणच भरून काढला पाहिजे. म्हणून आमची सभासदांना नम्र सूचना आहे की, संस्थेचे सभागृह रोज सायंकाळी अभ्यासिका म्हणून खुले ठेवावे. सत्कारासोबत शांत जागाही देऊ या.

जय भीम! नमो बुद्धाय!