पुराने घडविलेले बंदर : फोर्ट कोची

इ.स. १३४१ मध्ये पेरियार नदीला आलेल्या महापुराने कोडुंगल्लूरचे प्राचीन बंदर गाळाने भरले आणि दक्षिणेस कोचीजवळ समुद्राकडे नवी वाट मोकळी झाली, असे परंपरा सांगते. त्या वाटेने मिरीचा व्यापार आला आणि व्यापारामागून सत्ताही आल्या. १५०३ मध्ये पोर्तुगीजांनी येथे किल्ला उभारला. १६६३ मध्ये तो डचांनी जिंकला व १७९५ मध्ये इंग्रजांकडे गेला. आज किल्ल्याचे काही अवशेषच उरले आहेत. नाव मात्र वस्तीला चिकटून राहिले. १५२४ मध्ये कोचीतच निधन पावलेल्या वास्को द गामाचे दफन येथील सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये झाले. त्याच्या अस्थी पुढे पोर्तुगालला नेण्यात आल्या.

किनाऱ्यावरची चिनी जाळी ही या वस्तीची खरी ओळख. ती चिनी व्यापाऱ्यांनी आणली की मकाववरून पोर्तुगीजांनी, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. लाकडी तुळयांच्या एका टोकास जाळे, तर दुसऱ्या टोकास दोरांनी बांधलेले दगड टांगलेले असतात. हा तोल इतका नेमका, की एक माणूस मुख्य तुळईवरून चालत गेला तरी जाळे पाण्यात उतरते. ते वर ओढण्यास मात्र चार-सहा जणांचे बळ लागते. सागवान महागले, मासळी घटली, जलपर्णी जाळ्यांत अडकू लागली. त्यामुळे जाळ्यांची संख्या रोडावली असून अनेक ठिकाणी लाकडाच्या जागी लोखंडी नळ आले आहेत. छायाचित्रांत ते तितकेसे शोभत नाहीत, परंतु मासेमाराला त्याचा हिशेब पाहावाच लागतो.

जवळच मट्टनचेरी. तेथील 'डच राजवाडा' वस्तुतः पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजास दिलेला. डचांनी केवळ त्याची डागडुजी केली. आतील रामायणाची भित्तिचित्रे सवडीने पाहावीत. शेजारी १५६८ चे परदेशी सिनेगॉग आहे. जमिनीवर हाताने रंगविलेल्या निळ्या चिनी फरश्या आहेत. १९४८ नंतर बहुतेक ज्यू कुटुंबे इस्राएलला गेली आणि सामुदायिक प्रार्थनेस आवश्यक असलेले दहा पुरुष स्थानिकांतून जमणे अशक्य झाले.

पोर्तुगीजांच्या धर्मच्छळामुळे गोव्यातून आलेली कोकणी कुटुंबेही याच परिसरात स्थिरावली. मलबारच्या वनस्पतींवरील 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ डच अधिकारी व्हान र्‍हेडे याने सिद्ध केला, तेव्हा रंग भट, विनायक पंडित व आपु भट या तिघा कोकणी वैद्यांनी त्यास साहाय्य केले. १६७५ मधील त्यांचे प्रमाणपत्र ग्रंथाच्या १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापलेल्या पहिल्या खंडात नागरी लिपीत आहे.