उच्चक्षमता संगणन कार्यशाळांसाठी प्रशिक्षकांची तयारी

उच्चक्षमता संगणन कार्यशाळांसाठी प्रशिक्षकांची तयारी म्हणजे महासंगणक व संगणक-क्लस्टर यांचा वापर संशोधकांना शिकवणाऱ्या व्यक्तींना दिले जाणारे अध्यापनविषयक प्रशिक्षण होय. अशा कार्यशाळा बहुधा एक-दोन दिवसांच्या असतात. तेथे शिकवणारी मंडळी यंत्रणेचे व्यवस्थापक किंवा अनुभवी संशोधक असतात. विषयावर त्यांचे प्रभुत्व असले तरी अध्यापनशास्त्राशी त्यांचा परिचय क्वचितच झालेला असतो. ही उणीव भरून काढणे हा या प्रशिक्षणाचा हेतू आहे. द कार्पेन्ट्रीज या स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या उपक्रमाची प्रशिक्षणपद्धती या बाबतीत विशेष परिचित आहे.

पार्श्वभूमी

इ.स. १९९८ मध्ये ग्रेग विल्सन व ब्रेन्ट गोर्डा यांनी अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांसाठी सॉफ्टवेअर कार्पेन्ट्री हा अभ्यासक्रम सुरू केला. कार्पेन्ट्री म्हणजे सुतारकाम. प्रचंड प्रकल्पांच्या अभियांत्रिकीहून वेगळे, रोजच्या कामापुरते हातचे कसब, असा या नावाचा आशय आहे. पुढे २०१४ मध्ये डेटा कार्पेन्ट्री सुरू झाली आणि २०१८ मध्ये हे दोन्ही उपक्रम द कार्पेन्ट्रीज या नावाखाली एकत्र आले. एचपीसी कार्पेन्ट्री या गटाने हीच पद्धत महासंगणनाच्या पाठांसाठी स्वीकारली.

जाणकाराची अडचण

प्रशिक्षणाचा गाभा एका साध्या निरीक्षणात आहे. एखादी गोष्ट अंगवळणी पडली की ती शिकताना आपण कोठे अडखळलो होतो, याचा विसर पडतो. ‘लॉगिन करा, जॉब पाठवा आणि उत्तर पाहा’ हे वाक्य जाणकाराला पुरेसे वाटते. नवख्याला मात्र त्यात पावलोपावली अडथळे भेटतात. पासवर्ड टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, तेव्हा कळफलक बिघडला अशी त्याची समजूत होते. लॉगिन झाल्यावर आपण ज्या नोडवर पोहोचतो तो सर्वांच्या प्रवेशासाठी असतो व मोठी आकडेमोड अन्य नोडवर व्हायची असते, हे कोणी सांगितल्याखेरीज समजत नाही. आणि तीस जणांनी आपापले काम प्रवेश-नोडवरच चालवले तर त्या क्लस्टरवरील इतर सर्व संशोधकांचा खोळंबा होतो.

स्लर्म या कार्यनियोजक प्रणालीचे उदाहरण याहून बोलके आहे. शेलच्या आज्ञावलीत # या चिन्हाने सुरू होणारी ओळ ही टिप्पणी असते व संगणक ती वगळतो, असे सकाळच्या सत्रात शिकवले जाते. दुपारच्या सत्रात #एसबॅच या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींनी नोडची संख्या व वेळ मागितली जाते. शेलच्या लेखी ती ओळ टिप्पणीच असते, मात्र स्लर्म ती वाचतो. हा भेद न सांगता पुढे जाणारा शिक्षक अर्धा वर्ग तेथेच गमावून बसतो. जॉबचे उत्तर पडद्यावर न येता एका फाइलमध्ये जाते, हेही तितकेच सांगण्याजोगे आहे.

प्रशिक्षणाचे स्वरूप

हे प्रशिक्षण सलग दोन दिवस किंवा चार अर्ध्या दिवसांत दिले जाते. स्मरणशक्तीच्या मर्यादेविषयी जॉर्ज मिलर यांचा १९५६ सालचा निबंध व त्यानंतरचे संशोधन यांच्या आधारे एका वेळी किती नव्या कल्पना मांडाव्यात, याची चर्चा होते. प्रशिक्षणार्थी एकमेकांसमोर काही मिनिटांचा पाठ घेतात आणि त्यावर अभिप्राय देतात. नंतर प्रमाणपत्रासाठी पाठाचे प्रात्यक्षिक द्यावे लागते.

तयार चित्रफिती दाखवण्यापेक्षा शिक्षकाने वर्गासमोर आज्ञा टंकत जावे व विद्यार्थ्यांनी सोबत टंकावे, यावर भर असतो. हाताने टंकताना शिक्षकाची गती आपोआप आवरली जाते. त्याच्या चुका होतात, आणि चूक कशी शोधावी हेही वर्गाला दिसते. दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या प्रत्येकाला दिल्या जातात. एक रंग ‘काम झाले’ असे सांगतो, दुसरा ‘मदत हवी’ असे. भर वर्गात हात वर करण्याचा संकोच त्यामुळे टळतो.

अधूनमधून विचारायचे बहुपर्यायी प्रश्न रचणे हे मात्र खरे कौशल्याचे काम आहे. एक नमुना असा : एका गाभ्यावर आठ तास चालणारी, एका वेळी एकच गाभा वापरेल अशी लिहिलेली आज्ञावली काहीही बदल न करता आठ गाभे मागून चालवली, तर किती वेळ लागेल? ‘एक तास’ असे उत्तर देणारा गाभे मागितले की वेग आपोआप वाढतो असे मानतो. ‘चौसष्ट तास’ म्हणणाऱ्याने लागणारा वेळ व खर्ची पडणारे गाभा-तास यांची गल्लत केलेली असते. बरोबर उत्तर सुमारे आठ तासच. चुकीचा पर्याय येथे शिक्षकाला पुढे काय समजवायचे ते दाखवतो. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार यानंतर सहज पटतो : कामाचा दहावा भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर कितीही गाभे जोडले तरी वेग दहापटीपलीकडे जात नाही.

यंत्रणेची पूर्वतयारी

सामान्य संगणक-कार्यशाळेत न येणारी एक अडचण येथे येते, ती म्हणजे रांग. व्यग्र क्लस्टरवर जॉबला तासन्‌तास थांबावे लागते आणि तेवढ्यात सत्र संपून जाते. म्हणून प्रशिक्षकाला काही नोड कार्यशाळेच्या वेळेपुरते राखून ठेवणे व तात्पुरती खाती आधीच उघडून तपासणे, ही कामे शिकावी लागतात. कॅनडात विकसित झालेल्या मॅजिक कॅसल या साधनाने क्लाउडवर छोटा सराव-क्लस्टर उभारण्याचाही मार्ग आहे. प्रत्येक क्लस्टरवरील विभागांची व मोड्यूलची नावे निराळी असल्याने तयार पाठ जसाच्या तसा चालत नाही. एचपीसी कार्पेन्ट्रीच्या प्रास्ताविक पाठात असे स्थानिक तपशील बदलण्याची सोय केलेली आहे.

भारतातील संदर्भ

पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन अभियानास मंजुरी मिळाली आणि त्याअंतर्गत देशातील अनेक शिक्षणसंस्थांत यंत्रे बसवण्यात आली. पुण्याच्या आयसरमधील परम ब्रह्म हे त्यांपैकीच एक होय. मनुष्यबळाची घडण हा या अभियानाचा एक भाग असून प्रशिक्षणासाठी खरगपूर, मद्रास, पलक्कड व गोवा येथील आयआयटींत केंद्रे स्थापन झाली आहेत. परम ब्रह्मवरही स्लर्मच वापरले जात असल्याने #एसबॅचचा घोळ पुण्यातील वर्गालाही चुकत नाही.