मोटारीतील दोषसंकेत पी ०४२० : अर्थ आणि कार्यवाही

प्रस्तावना
मोटारीच्या दर्शनी फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला की गॅरेजमध्ये स्कॅनर जोडून संकेतांक वाचला जातो आणि पुष्कळदा त्यात उल्लेखिलेला भागच बदलण्यात येतो. वस्तुतः संकेतांक हे लक्षण होय, निदान नव्हे. पी ०४२० या संकेताच्या आधारे हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी
वाहनांतील स्वयंनिदान प्रणाली, म्हणजेच ओबीडी, ही मूलतः वायुप्रदूषण रोखण्याच्या गरजेतून विकसित झाली. अमेरिकेत १९९६ पासून हलक्या वाहनांसाठी ओबीडी-२ सक्तीची झाली. भारतात या प्रणालीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून व दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला.

संकेताची रचना
‘पी’ हे अक्षर इंजिन व गिअर यंत्रणेचे निदर्शक आहे. ‘०’ म्हणजे सर्व उत्पादकांना समान असलेला प्रमाणित संकेत. ‘४’ म्हणजे उत्सर्जन नियंत्रणाची साधने. अखेरचे दोन अंक विशिष्ट दोष दर्शवितात. उत्प्रेरक परिवर्तकाची, म्हणजेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, कार्यक्षमता निर्धारित मर्यादेखाली गेली आहे, असा या संकेताचा अर्थ होतो.

अनुमानाची प्रक्रिया
इंजिनाचे नियंत्रक गणकयंत्र विषारी वायू प्रत्यक्ष मोजत नाही. परिवर्तकाच्या आधी व नंतर बसविलेल्या दोन ऑक्सिजन सेन्सरांच्या नोंदींची ते तुलना करते. पहिल्या सेन्सरची नोंद सतत वरखाली होते. परिवर्तकातील सिरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठविते व सोडते. त्यामुळे दुसऱ्या सेन्सरची नोंद बरीचशी स्थिर राहते. हीसुद्धा पहिलीप्रमाणे हेलकावू लागली की परिवर्तक क्षीण झाल्याचे अनुमान काढले जाते. सामान्यतः सलग दोन प्रवासचक्रांत तोच निष्कर्ष निघाल्यावर दिवा लागतो.

हे अनुमान अप्रत्यक्ष असल्याने चुकू शकते. धूरनळीस गळती असल्यास बाहेरील हवा आत शिरून सेन्सरची दिशाभूल होते. सेन्सर स्वतःही सदोष असू शकतो. परिवर्तक खरोखर निकामी झाला असला, तरी त्यामागे अर्धवट ज्वलन किंवा इंजिनात जळणारे तेल हे मूळ कारण असू शकते.

कार्यवाही
दिवा स्थिर असून वाहन सुरळीत चालत असल्यास तत्काळ थांबण्याची गरज नसते. मात्र तपासणी लांबवू नये. दिवा लुकलुकत असल्यास तीव्र अर्धवट ज्वलन संभवते. अशा वेळी न जळलेले इंधन परिवर्तकात पेटून तो वितळू शकतो. म्हणून वेग व भार कमी करून वाहन शक्य तितक्या लवकर थांबवावे.

तपासणीत प्रथम संकेतांक आणि दोषक्षणीची नोंद लिहून घ्यावी, कारण संकेत पुसल्यास ही नोंदही नष्ट होते. त्यानंतर अन्य संकेत, धूरनळीची गळती, स्पार्क प्लग, तेलाचा खप व सेन्सरांच्या नोंदी या क्रमाने पडताळणी करावी. परिवर्तक बदलण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा.

निष्कर्ष
परिवर्तकात प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असल्याने तो महाग असतो. मूळ दोष कायम ठेवून नवा परिवर्तक बसविल्यास तोही अकाली निकामी होतो. उलटपक्षी, केवळ संकेत पुसल्याने दिवा विझतो. प्रदूषण थांबत नाही. संकेतांक चौकशीची दिशा दाखवितो. कारणाचा शोध मात्र परीक्षणानेच घ्यावा लागतो.