पत्र्याखालची खोली

मार्चमधला रमजान. जोहरची नमाज होऊन बराच वेळ झाला तरी अम्मी खाली आल्या नाहीत, म्हणून सूनबाई गच्चीवरच्या खोलीत गेली. अम्मी जानमाजवरच भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा लाल, हात थरथरणारे. रोजा सोडायला तयार नव्हत्या. आजाऱ्याला तो नंतर भरून काढायची सवलत कुरआननेच दिली आहे, हे आम्ही विनवून सांगितलं, तेव्हा कुठे पाणी घेतलं.

ती खोली म्हणजे पत्र्याची शेड. पनवेलमध्ये पावसाचं पाणी स्लॅबमध्ये मुरू नये म्हणून घरोघरी गच्चीवर पत्रा टाकतात. मग हळूहळू बाजू बंद होतात आणि शेडची खोली होते. नातवाचं लग्न झालं तेव्हा अम्मींनी खालची खोली नव्या जोडप्याला दिली. "वर हवा येते," म्हणाल्या. आम्हीही ते पटवून घेतलं. सोयीचं होतं ना!

आम्ही उष्माघात विदर्भाचा समजत होतो. पण इथल्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि अंग निवत नाही. 16 एप्रिल 2023 ला आमच्या शेजारच्या खारघरमध्येच उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर उष्माघाताने 14 जण दगावले होते.

पहिला उपाय चुकला. एका कारागिराने पत्र्याला खालून थर्माकोल चिकटवून दिला. तो पहिल्याच पावसाळ्यात सुटून लोंबायला लागला आणि मुंग्यांनी त्यात घर केलं. शिवाय थर्माकोल झटकन पेट घेतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पंखा तर वरची गरम हवाच अंगावर ढकलायचा.

विलायतेत लोक घराला काचेची खोली जोडतात आणि हिवाळ्यात ती गारठते. तिथे आतली ऊब छतातून निसटते, इथे बाहेरचं ऊन छतातून आत येतं. म्हणून ते छताच्या वरच अडवायला हवं. एकदा पत्रा तापला की तो चुलीवरच्या तव्यासारखा खाली उष्णता टाकत राहतो. सिमेंटच्या स्लॅबवर चुन्याचे दोन हात पुरतात, पण पावसात चुना धुऊन जातो, दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. लोखंडी पत्र्यावर मात्र चुना नको, तो टिकत नाही आणि जस्ताचा थर खातो. तिथे ऊन परतवणारा पांढरा रंग हवा. तेलंगणा सरकारने 2023 मध्ये अशा थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं. पारदर्शक पॉलिकार्बोनेट असेल, तर आतल्या पडद्यापेक्षा वरून ताणलेली शेडनेट बरी.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर सांभाळून. त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक. घासू नका, भोकं पाडू नका, फोडू नका. काढायचेच असतील तर भिजवून, अख्खे, जाणत्या माणसाकडून.

आम्ही गंज घासून पत्रा पांढरा केला. खाली लाकडी पट्ट्या मारून चकाकी वर येईल अशी फॉइलची शीट लावली, पण पत्र्याला न भिडवता, मध्ये वीतभर पोकळी ठेवून. चकाकणाऱ्या बाजूसमोर हवेची फट नसेल तर ती शीट जवळपास निरुपयोगी. त्या पोकळीतली गरम हवा बाहेर पडावी म्हणून वरच्या अंगाला जाळी बसवली. पूर्ण पत्रेच बदलायचे तर मध्ये फोम भरलेले पॅनेल मिळतात. ते उत्तम, पण खिशाला झेपले नाहीत.

आता दुपारी खोली गार नसते, पण डोकं तापत नाही. पावसाचा ताशाही मंदावला. अम्मींना तिलावत करताना स्वतःचा आवाज ऐकू येतो. पावसाळ्यात पांढऱ्या पत्र्यावर शेवाळ धरतं आणि काळ्या छताने काय ऊन परतवायचं? म्हणून मार्च लागण्याआधी ते ब्रशने धुवावं लागतं. हे काम नातवाकडे.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, एप्रिल-मेचं ऊन जागचं हलत नाही. खालची खोली परत घ्या म्हणून नातसुनेने दोनदा सांगितलं. अम्मी ऐकत नाहीत. एवढंच कबूल केलं आहे, की कडक उन्हाच्या दिवसांत जोहर ते असर खाली, आमच्यात.