परत केलेले दान



आलेल्या दानाबद्दल या पत्रिकेत आपण नेहमीच आभार मानतो. या वेळी मी मंडळीने परत केलेल्या एका दानाविषयी लिहीत आहे.

इ.स. १४० च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या सिनोपे शहरातून मार्शियन नावाचा जहाजमालक रोमला आला. तेथील मंडळीत आल्यावर त्याने २,००,००० सेस्टर्स दिले. त्या काळी रोमी सैन्यातल्या साध्या शिपायाला वर्षाकाठी १,२०० सेस्टर्स मिळत. म्हणजे हे दान दीडशेहून अधिक शिपायांच्या वर्षभराच्या पगाराएवढे होते.

मार्शियनला पडलेला प्रश्न आजही अनेकांना पडतो. जुन्या करारातला न्याय करणारा देव आणि येशूने दाखवलेला प्रेमळ पिता यांची सांगड कशी घालायची? त्याने उत्तर काढले, की हे दोन वेगळे देव आहेत. जग घडवणारा कनिष्ठ, आणि ख्रिस्ताचा पिता श्रेष्ठ. मग त्याने जुना करार पूर्ण वगळला, लूककृत शुभवर्तमानाची काटछाट केली आणि पौलाची दहाच पत्रे ठेवली. त्याचे लिखाण आज उरलेले नाही. ही माहिती मुख्यतः त्याच्या विरोधकांकडून, विशेषतः टर्टुलियनने त्याच्याविरुद्ध लिहिलेल्या पाच पुस्तकांतून मिळते.

इ.स. १४४ च्या सुमारास मंडळीने त्याला बाहेर काढले आणि त्याचे पैसेही परत केले. त्याने स्वतःच्या मंडळ्या उभारल्या. दमास्कसजवळच्या एका गावात त्याच्या अनुयायांच्या सभास्थानाचा इ.स. ३१८ चा शिलालेख सापडला आहे. म्हणजे नुसते बाहेर काढून प्रश्न मिटला नाही. शिकवून उत्तर द्यावे लागले. इ.स. १८० च्या सुमारास इरेनिअसने चारही शुभवर्तमाने का हवीत ते मांडले. इ.स. ३६७ मध्ये अथनेशिअसने आपल्या ईस्टरच्या पत्रात नव्या करारातल्या २७ पुस्तकांची यादी दिली.

यात आपल्यासाठी काय आहे? जग कनिष्ठ देवाने घडवले असेल, तर माणसाचे शरीर, जमीन, पाणी, जंगल यांना मोल उरत नाही. मग पाड्यावर औषध कशाला न्यायचे? शेतात विसरलेली पेंढी परक्यासाठी, अनाथासाठी आणि विधवेसाठी राहू द्यावी, ही आज्ञा जुन्या करारातली आहे. गरिबाला तुडवणाऱ्यांना खडसावणारा मेंढपाळ आमोसही तिथलाच. मार्शियनचे ऐकले असते, तर हे सारे आपल्या पवित्र शास्त्रात राहिले नसते.

त्या रकमेतून रोममधल्या कितीतरी विधवांना भाकर मिळाली असती. तरीही मंडळीने ती ठेवून घेतली नाही. देणगीदाराच्या पैशाने शिकवण विकत घेता येत नाही, हे तिने कृतीने दाखवले. आपण देतो तेव्हा आणि घेतो तेव्हाही हे मनात असावे, एवढीच माझी विनंती.