तट्टू गाडीत चढत नाही तेव्हा

दत्तजयंतीच्या यात्रेत नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला, तापीच्या काठावर, घोड्यांचा मोठा बाजार भरतो. सौदा पटतो, पैसे मोजून होतात आणि मग विकत घेतलेलं तट्टू पिकअपमध्ये चढवायची वेळ येते. ते अडलं की एक जण मोरकीचा दोर ताणतो, दोघे मागून हाकारतात, कुणी काठी उगारतं. तट्टू मान उंच करतं आणि पाय रोवतं. त्याला हट्टी ठरवायला कुणालाच वेळ लागत नाही. पण त्या घटकेला त्याला काय दिसतं, काय ऐकू येतं, हे पाहिलं तर त्याचं अडणं अगदी रास्त वाटतं.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. कुरणात चरताना मागून येणारा शत्रू हेरायला ही रचना उत्तम. मात्र नाकाच्या थेट पुढ्यातलं आणि शेपटीच्या बरोबर मागचं त्याला दिसत नाही. पायाजवळची फळी न्याहाळायची तर त्याला मान खाली घालावीच लागते. आपण दोर वर ओढून नेमकं तेच करू देत नाही. त्यात बाहेर लख्ख ऊन आणि गाडीत अंधार. रात्रीच्या अंधुक प्रकाशात घोड्याला माणसापेक्षा चांगलं दिसतं, पण उजेडातून एकदम अंधारात जायचं झालं की त्याची नजर सावकाश बसते. खूर टेकताच पत्रा पोकळ वाजतो, फळी डुगडुगते. धोका दिसला की पळून जीव वाचवणाऱ्या प्राण्याला आपण पळायला वाव नसलेल्या जागेत बोलावत असतो.

म्हणून आधी गाडीची तयारी करावी. ती मातीच्या बांधाला मागून टेकवून उभी केली, तर फाळका जवळजवळ सपाट बसतो आणि चढ उरत नाही. पत्र्यावर रबरी चटई आणि पेंढा टाकला की आवाज दबतो, पायही घसरत नाही. आत उजेड पडेल अशा बेताने गाडी वळवावी. कालपर्यंत बिनबोभाट चढणारं तट्टू आज अचानक अडलं, तर आधी खूर, पाय आणि पाठ पशुवैद्याला दाखवावी.

शिकवण्याचा गाभा एका क्षणात असतो. दोराचा हलका ताण ही सूचना झाली. ताण सुटला की तट्टाला कळतं, आपण केलं ते बरोबर. त्याने एक पाऊल टाकलं, अगदी पुढे नुसतं अंग झुकवलं, तरी त्याच क्षणी दोर सैल व्हायला हवा. थोडा उशीर झाला तरी धडा पुसट होतो. उलट ते मागच्या पायांवर उभं राहिलं आणि धरणाऱ्याने घाबरून दोर सोडला, तर सुटका कशी होते हेच ते पक्कं शिकतं. माझ्या मते अनेक ‘खोडकर’ घोडी अशीच घडवली जातात. दोष त्यांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०११ साली गाडीत न चढणाऱ्या घोड्यांवर दोन पद्धती ताडून पाहिल्या. काही घोड्यांना योग्य पावलागणिक खाऊ दिला, काहींना दाब देऊन तो सोडण्याच्या पद्धतीने शिकवलं. खाऊवर शिकणाऱ्यांमध्ये अस्वस्थतेची लक्षणं कमी दिसली, त्यांच्या शिकवणीला वेळही कमी लागला. इथे एक बारकावा आहे. घमेलं दाखवत आत ओढून नेणं वेगळं आणि पाऊल टाकल्यावर मूठभर हरभरे देणं वेगळं. खाऊ पावलानंतर यायला हवा. शांत, सरावलेला सोबती जवळ असला तर नवख्या घोड्याची भीती कमी होते, हेही डेन्मार्कमधल्याच २००८च्या अभ्यासात दिसलं. जुनं घोडं आधी चढवायची आपल्याकडची रीत म्हणूनच शहाणपणाची आहे.

हा सराव प्रवास नसलेल्या दिवशी करावा. दोन पाय फळीवर, मग परत खाली; चार पाय आत, मग पुन्हा बाहेर. मागे येणंही शिकवायला हवं, कारण उतरताना तेच लागतं. आत गेल्यावर आधी मागचा अडसर लावावा, मगच दोर बांधावा; उतरवताना आधी दोर सोडावा, मग अडसर. हा क्रम चुकला की बांधलेलं तट्टू मागे झेपावतं आणि मानेला इजा होते. तट्टाच्या थेट मागे मात्र कुणीही उभं राहू नये.

पुढच्या खेपेला ते चढेल की नाही, यात चालवणाऱ्याचा वाटा मोठा असतो. वळणावर आणि ब्रेकला उभ्या जनावराला पायांवर तोल सावरावा लागतो, म्हणून पहिली फेरी जवळची आणि संथ असावी. लांबच्या प्रवासात दोर फार आखूड बांधू नये. मान तासन्‌तास वरच राहिली तर श्वासनलिकेतला कफ आणि धूळ बाहेर पडत नाही, जंतू खाली फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होऊ शकतो. वाटेत गाडी सुरक्षित जागी थांबवून पाणी दाखवावं आणि मान गुडघ्यापर्यंत खाली नेता येईल इतका दोर सैल करावा.